विश्लेषण : विद्यार्थ्यांचे लघुपट हार्ड डिस्कमध्येच का अडकतात? कॅमेऱ्याशिवाय पैसा कुठे लागतो?

जनसंवाद, मास मीडिया किंवा चित्रपटविषयक अभ्यासक्रमाचे शेवटचे सत्र सुरू झाले, की राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत सारखेच चित्र दिसते. पाच-सहा जणांचा गट, बारा मिनिटांची पटकथा, कुणाच्या तरी मामाचे गावाकडचे घर आणि भाड्याने आणलेला कॅमेरा. चित्रीकरण पार पडते, समाजमाध्यमांवर पोस्टरही झळकते. लघुपट मात्र नंतर कुणाला दिसत नाही. ध्वनीचे काम राहिले, संकलन करणारा मित्र नोकरीला लागला, अशी कारणे दिली जातात. बहुतेकदा खरे कारण त्याही आधीचे असते. चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी पैसे संपलेले असतात आणि ते संपणार आहेत, हे आधी कागदावर कुणी मांडलेलेच नसते.

फाळक्यांनी पैसा कसा उभा केला?

भारतीय चित्रपटाची सुरुवातच निधीच्या प्रश्नाने झाली. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते विमा पॉलिसी गहाण ठेवून. तिथून कॅमेरा आणला, पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वर आले. ही छोटी चित्रफीत निवडक मंडळींना दाखवली गेली, त्यातल्या यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज देऊ केले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या खटाटोपात गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

ही गोष्ट बहुतेक वेळा त्यागाची म्हणून सांगितली जाते. विद्यार्थ्यांच्या कामाची गोष्ट मात्र वाटाण्याची आहे. फाळक्यांनी सावकाराला पटकथा वाचून दाखवली नाही, आपल्याला काय करता येते ते दाखवले. आज गटातल्या कुणाच्याही फोनवर दीड मिनिटाचा एक प्रसंग टिपता येतो. प्राचार्यांपुढे किंवा गावातल्या दुकानदारापुढे वीस पानी प्रस्ताव ठेवण्यापेक्षा तो प्रसंग ठेवला, तर ‘तुम्ही नेमके काय करणार?’ हा प्रश्न निम्मा सुटतो. शिवाय तो टिपताना आपल्या कथेतले काय जमत नाही, हेही कळते. हे फुकटात कळलेले बरे.

अंदाजपत्रक कुठे चुकते?

समजा, बारा मिनिटांचा लघुपट आहे, चित्रीकरणाचे तीन दिवस आणि कलाकारांसह पंधरा माणसे. विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्या रात्री जे आकडे पडतात ते साधारण असे असतात. कॅमेरा आणि लेन्स रोज चार हजार, म्हणजे १२ हजार. दिवे रोज अडीच हजार, म्हणजे साडेसात हजार. प्रवास सहा हजार, कपडे आणि इतर सामान पाच हजार. बेरीज ३० हजार ५०० रुपये. प्रत्येकी पाच हजार काढले की सहा जणांत भागले, असे वाटते. (हे दर उदाहरणादाखल आहेत. शहर, हंगाम आणि ओळख यांप्रमाणे ते बदलतात.)

आता वहीत न आलेले पाहू. पंधरा माणसांचा चहा, नाश्ता आणि दोन जेवणे माणशी २५० रुपये धरली, तरी दिवसाला ३,७५० आणि तीन दिवसांचे ११ हजार २५० होतात. म्हणजे जेवण जवळजवळ कॅमेऱ्याइतकेच महाग पडते. साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या साहित्यासह रोज साडेतीन हजार, म्हणजे साडेदहा हजार. दोन हार्ड डिस्क, दहा हजार. ज्यांच्या घरात आणि अंगणात चित्रीकरण होणार त्यांचे वीजबिल, साफसफाई आणि मानधन म्हणून तीन हजार. ध्वनिसंयोजन आठ हजार, रंगसंस्कार चार हजार, महोत्सवांचे प्रवेशशुल्क सहा हजार. ही दुसरी बेरीज ५२ हजार ७५० रुपये होते. वहीतल्या आकड्यापेक्षा न लिहिलेला आकडा मोठा निघतो. दोन्ही मिळून ८३ हजार २५० आणि वर दहा टक्के आकस्मिक खर्च धरला, तर ९१ हजारांच्या पुढे.

यातला बराचसा खर्च चित्रीकरणानंतरचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे. तीस हजारांत काम सुरू करणारा गट जेवणाचे आणि रेकॉर्डिस्टचे पैसे ऐनवेळी उसने आणतो, ध्वनिसंयोजनापर्यंत पोहोचतच नाही आणि लघुपट डिस्कमध्ये बंद होतो. त्यामुळे निधी जमवताना एक साधा नियम पाळता येतो. संकलनानंतरच्या कामाचे पैसे आधी बाजूला काढायचे, ते चित्रीकरणाला वापरायचे नाहीत. उरलेल्या रकमेत जेवढे दिवस बसतील तेवढेच दिवस चित्रीकरण.

हार्ड डिस्क दोन कशाला, असा प्रश्न हमखास येतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेले फोर-के चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. रोज दोन तासांचे चित्रण झाले, तर तीन दिवसांत २७० जीबी होतात. ती एकाच डिस्कवर असतील आणि ती डिस्क बसच्या सीटवरून खाली पडली, तर ९१ हजारांतले बहुतेक तिथेच संपले. दोन प्रती दोन वेगवेगळ्या माणसांच्या घरी ठेवायच्या.

फोनवर केला तर स्वस्त पडेल का?

पडेल, पण वाटते तेवढा नाही. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ (२०१५) हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याचा ध्वनी मात्र व्यावसायिक साहित्यावर स्वतंत्रपणे टिपला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. प्रेक्षक हलते, थोडे धूसर चित्र सहन करतो. संवाद कळला नाही, तर तो तिसऱ्या मिनिटाला उठतो. कॅमेऱ्याचे भाडे वाचवून ते रेकॉर्डिस्टला देणे हा विद्यार्थ्यांच्या अंदाजपत्रकातला सर्वांत शहाणा बदल आहे आणि सर्वांत कमी केला जाणाराही. कारण उघड आहे. मोठा कॅमेरा पोस्टरवरच्या फोटोत दिसतो, बूम माइक दिसत नाही.

दिवस कमी कसे करायचे?

वरच्या उदाहरणात कॅमेरा, दिवे, ध्वनी आणि जेवण मिळून एका दिवसाचा खर्च १३ हजार ७५० रुपये आहे. म्हणून काटकसरीचे एकक रुपया नव्हे, दिवस. वडापाववर भागवून शे-दोनशे वाचतात आणि माणसे चिडतात. एक दिवस कमी केला की सव्वातेरा-चौदा हजार एकदम वाचतात.

दिवस कमी होतो तो पटकथेत, चित्रीकरणाच्या ठिकाणी नव्हे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा जुना ठोकताळा. बारा पाने तीन दिवसांत, म्हणजे दिवसाला चार. पानाला सहा शॉट धरले, तर रोजचे चोवीस. दहा तासांचे काम असेल, तर प्रत्येक शॉटला २५ मिनिटे मिळतात आणि त्यात दिवे लावणे, तालीम, टेक, जेवण, शेजारच्या लग्नाचा डीजे थांबायची वाट पाहणे हे सगळे आले. ठिकाण बदलले, की सामान आवरून पुन्हा मांडण्यात दीड-दोन तास जातात, म्हणजे चार-पाच शॉट गेले. तीन दिवसांत पाच ठिकाणे लिहिणाऱ्याने एक अख्खा दिवस टेम्पोत घालवायचे ठरवलेले असते.

उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेला ‘गिरणी’ आठवावा. आई घरात गिरणी आणते आणि तिच्या आवाजात मुलाचे जग बदलते, एवढाच ऐवज. घर, यंत्र आणि मुलगा. कथा तिथून हलत नाही आणि हलावी असे पाहणाऱ्यालाही वाटत नाही. अशी कथा सापडायला महिने लागतात, पण त्या महिन्यांचे भाडे द्यावे लागत नाही.

दिवसाचे काम ठरवण्याआधी ठिकाण त्याच वेळी जाऊन पाहणे हेही फुकट आहे आणि तरी टाळले जाते. सकाळी अकराचा प्रसंग असेल, तर सकाळी अकराला जायचे. ऊन कुठे येते, शाळेची घंटा कधी वाजते, वीज किती वाजता जाते, महिला कलाकारांना कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहाला जागा आहे का, हे दुपारी चारला जाऊन कळत नाही.

‘चार दिवसांत कान’ हे कितपत खरे?

२०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पुण्याच्या याच संस्थेतले चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ला पहिले पारितोषिक मिळाले, १५ हजार युरोंचे. एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाच्या अखेरचा हा सोळा मिनिटांचा प्रकल्प चार दिवसांत चित्रित झाला, ही बातमी गाजली. तेव्हापासून ‘चार दिवस पुरतात’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहे. त्यात एक गोष्ट सुटते. त्या चार दिवसांच्या मागे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांचे वर्षभर शिकलेले विद्यार्थी होते, आणि १९६० पासून प्रभातच्या जुन्या स्टुडिओत उभ्या असलेल्या सरकारी संस्थेची साधने होती. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी महाविद्यालयात शिकणाऱ्याला हे दोन्ही स्वतः जमवावे लागते.

तरीही ते अशक्य नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केला तो तेव्हाच्या अहमदनगरमध्ये जनसंवादाचे शिक्षण घेताना, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण अपवादाचे नाव पुढे करून महाविद्यालयांनी हात झटकावेत, हे बरोबर नाही.

महाविद्यालयाने पैसे द्यावेत का?

एकांकिकांच्या बाबतीत हा प्रश्न राज्यात कुणी विचारत नाही. पुरुषोत्तम करंडक असो की इतर स्पर्धा, महाविद्यालय प्रवेशशुल्क भरते, नेपथ्याला थोडी रक्कम देते, तालमीला सभागृह उघडते, माजी विद्यार्थी येऊन दिग्दर्शन करून जातात. कित्येक दशकांत हे शिस्तीने बसले आहे. लघुपट मात्र अभ्यासक्रमाचा भाग असूनही, त्याला गुण असूनही, खर्च विद्यार्थ्याचा. शुल्क घ्यायचे, प्रकल्प सक्तीचा करायचा आणि कॅमेऱ्याची खोली सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद ठेवायची, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो.

त्याचा परिणाम फक्त अर्धवट लघुपटांत दिसत नाही. गटात ज्याच्या घरून पैसे येतात तो दिग्दर्शक होतो आणि ज्याच्याकडे वर्गणी नाही तो बॅटरी सांभाळतो. कथा कुणाची सांगितली जाणार, याचा निर्णय असा पहिल्या वर्गणीलाच होऊन जातो. प्रत्येक गटाला सारखी आणि मर्यादित रक्कम, साहित्य वापराचे वेळापत्रक आणि खर्चाची कमाल मर्यादा, एवढे तीन नियम विभागाने केले तरी बराच फरक पडेल. कमाल मर्यादा सर्वांत महत्त्वाची. लाखभर खर्चलेला प्रकल्प आणि दहा हजारांचा प्रकल्प एकाच गुणपत्रिकेवर तोलले जाऊ नयेत.

लोकवर्गणी कितपत चालते?

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) हे लोकवर्गणीचे नेहमीचे उदाहरण. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. पण ते पैसे अनोळखी गर्दीचे नव्हते. सहकारी संघ आधीपासून होते, हिशेब ठेवायची सवय होती आणि चित्रपट त्यांच्याच गोष्टीचा होता. केरळात जॉन अब्राहम आणि ओडेसा गटाने ‘अम्मा अरियन’साठी (१९८६) गावोगाव चित्रपट दाखवून वर्गणी गोळा केली. तिथेही आधी ओळख, मग डबा. कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी (२०१३) ब्लॉगवरून आवाहन केले आणि ११० जणांकडून अर्धा कोटीच्या आसपास रक्कम उभी केली, तेव्हा त्यांच्या लेखनाचा वाचकवर्ग तयार होता.

विद्यार्थ्याच्या हाताशी एवढे जाळे नसते, पण थोडे असते. शाळेचे माजी विद्यार्थी, गणेश मंडळ, वाचनालय, आईच्या बचत गटातल्या मैत्रिणी. त्यांच्याकडून पैशापेक्षा वस्तू आणि सेवा लवकर मिळतात. केटरर दोन दिवस जेवण देईल, मंडप डेकोरेटर जनरेटर आणि खुर्च्या देईल, कुणी टेम्पो देईल. अंदाजपत्रकात या मदतीचीही रुपयांत नोंद करावी, म्हणजे पुढच्या गटाला खरा खर्च कळतो. बदल्यात श्रेयनामावलीत नाव आणि पहिल्या खेळाचे आमंत्रण पुरते. नायकाच्या मागे दुकानाचा फलक तीन मिनिटे दिसायला हवा, अशी अट घालणारा प्रायोजक मात्र नम्रपणे सोडलेला बरा.

ऑनलाइन वर्गणी एकाच विद्यार्थ्याच्या खात्यात घेताना एक सावधगिरी हवी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट एकूण ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर प्राप्तिकराच्या नियमांत ती संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. शक्य असेल तर पैसे महाविद्यालयाच्या खात्यातून फिरवावेत. नाहीतर पावत्या जपून ठेवाव्यात आणि हिशेब महिन्याच्या आत देणाऱ्यांना पाठवावा.

लघुपट कुणाच्या मालकीचा?

यावरून मैत्री तुटते, तीही पारितोषिक मिळाल्यावर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता आणि निर्माता म्हणजे तो करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. दिग्दर्शक आपोआप मालक होत नाही, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. संस्थेने निधी देऊन स्वतः निर्मिती केली असेल, तर हक्क संस्थेकडे जातात. सहा जणांनी सारखे पैसे काढले आणि काही लिहून ठेवले नाही, तर पुढाकार कुणाचा, यावर सहा उत्तरे येतात. चित्रीकरणाआधी एका पानावर लिहावे : निर्माता कोण, पारितोषिकाच्या रकमेचे वाटप कसे, महोत्सवाला कोण पाठवणार, कुणी मध्येच गट सोडला तर श्रेय काय. सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

कथेचा हक्कही आधी पाहावा लागतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याचे लेखन संरक्षित असते. हरि नारायण आपटे (निधन १९१९) किंवा साने गुरुजी (निधन १९५०) यांच्या साहित्यावर परवानगीशिवाय लघुपट करता येतो, पुलंच्या (निधन २०००) लेखनावर येत नाही. वारसांना पत्र लिहिले, तर विद्यार्थ्यांना परवानगी मिळू शकते, पण ती लेखी हवी. गाण्याचे तसेच. चहाच्या टपरीवरच्या रेडिओत वाजणारे चित्रपटगीत वास्तवदर्शी वाटते, पण ते वापरायला ध्वनिमुद्रिकेच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या हक्कधारकांची अशा दोन्ही संमती लागतात. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चाल नव्याने ध्वनिमुद्रित करून घेणे स्वस्त आणि बहुधा अधिक चांगले.

परवानग्या कोणत्या?

खासगी घरात मालकाची लेखी संमती पुरते. रस्ता, बाजार, एसटी स्थानक, रेल्वेची हद्द आणि संरक्षित किल्ले यांना संबंधित यंत्रणेची परवानगी लागते. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी चित्रनगरीकडून एक खिडकी पद्धत चालवली जाते. कागद हातात पडेपर्यंत तारीख जाहीर करू नये.

लहान मुलांच्या बाबतीत नियम कडक आहेत आणि मराठी विद्यार्थी-लघुपटाचे लहान मुलावाचून सहसा चालत नाही. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार बालकलाकाराला घेण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. वेळापत्रक मुलाच्या पाच तासांभोवती आखावे. ड्रोनचा मोह असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या भागाचे क्षेत्र हिरवे आहे की नाही, ते आधी पाहावे लागते.

झाल्यावर पाठवायचा कुठे?

सर्वांत सामान्य चूक म्हणजे पूर्ण झाल्या रात्री यूट्यूबवर चढवणे. अनेक महोत्सव आधीच ऑनलाइन उपलब्ध असलेला लघुपट घेत नाहीत. मुंबईचा मिफ, पुण्याचा पिफ, केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव यांसारख्या चार-पाच ठिकाणांच्या मुदती पाहून यादी करावी आणि त्या यादीवरून शुल्काची रक्कम ठरवावी. नाव न ऐकलेल्या, दर महिन्याला ‘सर्वोत्कृष्ट’ वाटणाऱ्या ऑनलाइन स्पर्धा प्रमाणपत्राचे पैसे घेतात. त्यात सहा हजार संपायला वेळ लागत नाही. इंग्रजी उपशीर्षके भाषा येणाऱ्याकडून तपासून घ्यावीत, कारण निवड समिती ‘गिरणी’ किंवा ‘भाकरी’ त्यांच्यातूनच समजून घेणार असते. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा असेल, तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना त्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे.

महोत्सवांचे वर्ष संपेपर्यंत गट पांगलेला असतो. एक जण पुण्यात, एक मुंबईत मालिकेच्या सेटवर सहायक, एक स्पर्धा परीक्षेला. म्हणून सह्यांच्या त्या एका पानावर आणखी एक ओळ असावी : मूळ चित्रणाच्या दोन डिस्क कुणाकडे राहणार आणि लघुपटाची तिसरी प्रत, हिशेबाच्या वहीसह, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोण जमा करणार.